बांधावरची रानफळं : या चुका टाळा

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास घातलेलं भोकराचं लोणचं, श्रावणात कानबाईच्या सणाला बरणी उघडावी तर वर पांढरी बुरशी. मग मीठ कमी पडलं, तेल भेसळीचं होतं, अशी चर्चा. खरं कारण बहुतेक वेळा भोकराच्या पोटात राहिलेलं पाणी असतं. घाईत भोकरं कुकरला लावतात. एका शिट्टीत त्यांचा गाळ होतो, चिकट रस सुटतो, आणि त्याच ओल्या गाळात मसाला कालवतात. ते लोणचं टिकणार कसं?

लोणच्याला कडक, हिरवीच भोकरं घ्यावीत. पिवळट-गुलाबी झालेलं भोकर खायला गोड, पण बरणीत नुसता चिकटा. देठ काढून, धुऊन उकळत्या पाण्यात टाकायची. तीन-चार मिनिटांत रंग हिरव्याचा मळकट झाला की लगेच चाळणीत. गार झाल्यावर बत्त्याने हलकेच चेचायची आणि बी काढताना काडी दर वेळी मिठात बुडवायची, म्हणजे चिकटा हाताला धरत नाही. सुरी वापरणारे तासभर सुरीच पुसत बसतात. किलोभर भोकरांना सव्वाशे ग्रॅम मीठ आणि दोन चमचे हळद चोळून रात्रभर ठेवायची. सकाळी सुटलेलं पाणी फेकून भोकरं सुती कापडावर सावलीत अर्धा दिवस कोरडी करायची. हा अर्धा दिवस वाचवणाऱ्यांनी भोकराच्या वाटेला जाऊ नये. मग मोहरीची डाळ, तिखट, मेथी, हिंग आणि कैरीच्या फोडी. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करून ओतायचं, फोडींच्या वर बोटभर राहील इतकं.

दुसरी चूक जिवावर बेतते. कुंपणात दिसेल ते फळ तोंडात टाकणं. मोगली एरंड इकडे कुंपणाला सर्रास लावतात. त्याची बी शेंगदाण्यासारखी लागते, म्हणून पोरं मूठभर खातात आणि तासाभरात उलट्या-जुलाब सुरू होतात. लाल-काळी गुंज तर चावून फुटली की त्याहून घातक. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, उरलेलं फळ बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा. पोरांना एकच शिकवावं : घरच्या मोठ्याने नाव सांगितल्याशिवाय फळ चाखायचं नाही.

कामोणीची बारीक फळं काळी पिकलेलीच खावीत, हिरवी नाहीत. घाणेरीच्या हिरव्या फळांनाही तोच नियम.

रानबोरं अख्खी वाळवू नयेत, आत अळी राहते. एकेक फोडून बघायचं, मग चार-पाच कडक उन्हं द्यायची. खाली पडलेली बोरं वेचण्यापेक्षा झाडाखाली धोतर पसरून फांदी हलवावी.

करवंदांच्या चिकाने ओठ चिकटतात, म्हणून ती तोडल्यावर अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवावीत. जेली करायची तर सगळी पिकलेली घेऊ नका, घट्ट होत नाही. चार वाट्या काळ्यांना एक वाटी कच्ची, लालसर करवंदं टाका, आणि भांडं स्टीलचंच घ्या. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात आंबट रस घातला की जेलीला धातूची चव येते.