स्क्लेरल लेन्स लावताना बुडबुडा कसा टाळावा

डोळ्यांच्या जुनाट कोरडेपणासाठी स्क्लेरल लेन्स मिळाली असेल, तर मापं डॉक्टरांनी घेतलेली आहेत; रोज ती नीट लावणं तुमच्याकडे. ही लेन्स बुबुळाला टेकत नाही. तिची कड डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते आणि मधल्या पोकळीतलं सलाईन बुबुळ ओलं ठेवतं. आत हवा राहिली, की तेवढी जागा कोरडीच.

हात धुऊन कोरडे करा. आरसा टेबलावर आडवा ठेवा.

सलाईन प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच घ्या. ते तासन्‌तास डोळ्याला लागून राहणार आहे. लेन्स धुवायचं सोल्यूशन त्यात भरू नका. नळाचं पाणी तर लेन्सच्या आसपासही नको. त्यातल्या अकँथअमीबा या सूक्ष्मजीवाच्या संसर्गाने नजर जाऊ शकते.

आता खरी गोम. पहिले तीन आठवडे मी दर सकाळी चार-पाच वेळा लेन्स लावायचो नि काढायचो, बुडबुडा काही जाईना. ‘सांडतंय ना, मग सलाईन थोडं कमी भर,’ असं मला सांगितलं गेलं. याहून चुकीचा सल्ला नाही! प्लंजरवर (लेन्स धरायची, मधे भोक असलेली रबरी दांडी) ठेवलेल्या लेन्सची वाटी काठोकाठ भरा, सलाईन वर फुगलेलं दिसेपर्यंत. सांडणारच आहे, खाली टॉवेल टाका.

मग हनुवटी छातीला लावा. अर्धवट वाकून भागत नाही. चेहरा जमिनीला समांतर हवा, नाहीतर पाणी एका बाजूने ओघळतं आणि तिथून हवा शिरते. दोन्ही पापण्या अगदी कडेला, पापणीच्या केसांजवळ धरून ताणा. प्लंजरवरची लेन्स सरळ वर न्या आणि नजर प्लंजरच्या भोकावरून हलवू नका. गार पाणी लागलं की आपण दचकून थांबतो. माझं सगळं तिथेच फसत होतं: पाणी लागलं म्हणजे लेन्स बसली, असं मी समजायचो. आणखी थोडं वर न्या, कड सगळीकडून टेकल्याचं जाणवू द्या. आधी खालची पापणी सोडा, मग वरची, शेवटी प्लंजर.

आरशात बघा. लहानसा बुडबुडा दिसला तरी काढून पुन्हा भरा. पापण्या मिचकावून तो जात नाही, मी पुष्कळ मिचकावल्या आहेत.

काढताना आधी सलाईनचे दोन थेंब घाला. लेन्स काढायचा छोटा प्लंजर ओला करून लेन्सच्या खालच्या कडेजवळ लावा आणि कड उचला. मधोमध लावून ओढलंत तर डोळाच ओढला जातो. त्याआधी लेन्स डोळ्यात आहे ना, हे पाहा. उघड्या बुबुळावर प्लंजर कधीच नको.

दुपारी धुरकट दिसलं तर काढा, ताजं सलाईन भरून पुन्हा लावा. झोपताना काढायचीच. लेन्स निर्जंतुक करायला पेरॉक्साइडचं सोल्यूशन वापरत असाल तर त्याच्याच डबीत किमान 6 तास ठेवा, नाहीतर डोळा भाजल्यासारखा होतो. लेन्स काढल्यावरही डोळा लाल राहिला, दुखला किंवा उजेड सोसेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.