क्वार्टेटमध्ये कान तयार करा, मग फ्यूजनला हात घाला

मुंबई-पुण्यात वेस्टर्न व्हायोलिन शिकणारी मुलं आठवी ग्रेड, म्हणजे ग्रेड परीक्षांतली शेवटची, झाली की विचारतात, "आता सोलो करू की ऑर्केस्ट्रा?" मी सांगते, आधी तीन माणसं गाठा. चेलो, व्हायोला आणि तुमच्याच तोडीचं दुसरं व्हायोलिन. झालं चौघांचं स्ट्रिंग क्वार्टेट. व्हायोलावाला सापडणं सगळ्यात अवघड. सापडला तर चहा-पोहे घालून सांभाळा.

ही हौस इथे नवी नाही. व्हायोलिनवादक मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभी केली आणि १९४० साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. आज मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण तिथे खुर्च्या मोजक्या आणि बरेच वादक परदेशी. तेव्हा तिथे जागा निघेल म्हणून वाट बघत बसू नका.

सुरुवात हायडन या जुन्या संगीतकाराच्या क्वार्टेटपासून करा. त्याच्या ओपस ३३ या संचातल्या दुसऱ्या क्वार्टेटच्या शेवटी सूर थांबतो, पुन्हा निघतो, पुन्हा थांबतो. संपलं समजून लोक टाळ्या वाजवतात आणि फसतात. ते विराम चौघांना एका श्वासात धरता आले पाहिजेत. एकानेही मान हलवून मोजायला सुरुवात केली की गंमत गेली. आणि पहिलं व्हायोलिन कोणाचं यावरून भांडू नका, आलटून पालटून वाजवा. सेकंडच्या खुर्चीतून सगळं जास्त नीट ऐकू येतं.

खरी तालीम सुरांची. चेलोची सगळ्यात खालची तार सी, आपल्या व्हायोलिनची सगळ्यात वरची ई. शेजारच्या दोन तारांत पंचमाचं अंतर. मधले सगळे पंचम अगदी शुद्ध लावत वर आलात, तर ही ई त्या सीच्या शुद्ध गंधारापेक्षा सुमारे २२ सेंट चढी निघते, म्हणजे अर्ध्या स्वराच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त. म्हणून क्वार्टेटवाले पंचम किंचित अरुंद ठेवतात आणि सी मेजरचा लांब कॉर्ड आला की खुली ई टाळून ए तारेवर चौथं बोट जरा मागे ठेवतात. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो स्वयंभू गंधार हाच. चेलोच्या सीवर ई बसवून ज्याचा कान तयार झालाय, तो गायकाशेजारी बसला तरी बिचकत नाही.

तिथे, म्हणजे रागदारी गायकासोबतच्या फ्यूजनमध्ये, अडचणी वेगळ्या. गायकाचा सा काळी एक (सी शार्प) असेल तर आपल्या जी, डी, ए, ई या तारा होतात तीव्र म, कोमल रे, कोमल ध आणि कोमल ग. तोडी रागाचे चार स्वर फुकटात, पण सा आणि प कुठल्याच तारेवर नाहीत! त्यातही तोडीचा गंधार चांगलाच उतरलेला. खुली तार तो कसा देणार? मी अशा कामांसाठी सा-प लावलेलं दुसरं व्हायोलिन ठेवते. एकाच वाद्याच्या तारा ऐन कार्यक्रमात वरखाली केल्या तर त्या लवकर स्थिरावत नाहीत.

गवयाला "बार बत्तीसपासून घेऊ" असं नोटेशनच्या कागदावरचा आकडा सांगून उपयोग नाही. "दुसऱ्या अंतऱ्यानंतर, समेवर" म्हणा. तबलजीची तिहाई (तीनदा वाजवून समेवर आणणारा तुकडा) कुठून सुटते ते पाठ असू द्या, कागदात डोकं घातलं की सम हुकते. आणि रागाच्या ओळीखाली तीन कॉर्ड घातले म्हणजे फ्यूजन झालं, असं मी तरी मानत नाही. झाकीर हुसेन यांचा 'पेशकार' हा तबला कॉन्चेर्टो (तबला आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) एनसीपीएच्या याच ऑर्केस्ट्राने २०१५ साली मुंबईत पहिल्यांदा वाजवला. तो मिळेल तिथे ऐका.

नुसत्या क्वार्टेटवर घर चालत नाही. शिकवण्या, रेकॉर्डिंग, लग्नाच्या रिसेप्शनची कामं, सगळं करावं लागतं आणि त्यात कमीपणा काही नाही. फ्यूजनच्या कामाला मात्र तारीख देण्याआधी लेखी घ्या: तालमी किती, त्यांचं मानधन वेगळं की त्यातच, अरेंजमेंट कोण लिहिणार, रेकॉर्डिंग नेटवर गेलं तर कुणाकुणाची नावं येणार. एका आयोजकाने आम्हा चौघांची बोळवण "स्ट्रिंग्ज" एवढ्या एका शब्दात केली होती.

साउंडवाल्याला मॉनिटरमध्ये (स्टेजवरच्या, वादकांसाठीच्या स्पीकरमध्ये) तानपुरा मोठा द्यायला सांगा. तबला तसाही ऐकू येतो.