दुर्बिणीच्या तपासणीला निघण्याआधी

"श्वासनलिकेत म्यूकर वाटतोय, दुर्बिणीतून तुकडा काढू," असं डॉक्टरांनी सांगितलं की पहिल्यांदा गोळ्यांची पिशवी उपडी करा. २०२१ साली जिची आपण धास्ती घेतली तीच ही काळी बुरशी. क्वचित ती फुफ्फुसाच्या नळ्यांत बसते, आणि साखर हाताबाहेर गेलेल्यांना जास्त गाठते. इन्सुलिन, साखरेच्या गोळ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सगळी पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवा. क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ करणारी गोळी सहसा पाच-सात दिवस आधी थांबवतात, पण स्टेंट असेल तर आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नका. प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठण्याच्या तपासण्या), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि छातीचा सीटी एकाच फाइलीत लावा.

खाणं ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधी. चहाही खाण्यातच धरा, त्यात दूध असतं. उपाशीपोटी इन्सुलिन किती द्यायचं ते लिहून घ्या. कवळी काढून डबीत ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माझ्या मावशीचे सगळे तुकडे फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या रसायनात गेले. त्यात बुरशी मरते, मग कल्चर, म्हणजे लॅबमध्ये बुरशी वाढवून बघणं, होत नाही. पुन्हा दुर्बीण घालायची ठरली तेव्हा माझा हात धरून ती एवढंच म्हणाली, "परत तो कडू फवारा मारणार का रे घशात?" म्हणून सांगतो, आत नेण्याआधीच विचारा: एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये जाणार ना? लॅबच्या चिठ्ठीवर 'म्यूकरचा संशय' लिहायला लावा, नाहीतर तुकडा वाटून बारीक केला जातो आणि बुरशीचे नाजूक धागे तुटतात. केओएच तपासणीत, म्हणजे तुकड्यावर रसायन टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघताना, ते रुंद, रिबिनीसारखे धागे त्याच दिवशी दिसू शकतात. कल्चरसाठी औषध अडून राहत नाही. नळी बुजली असेल तर मेलेला भाग काही वेळा त्याच दुर्बिणीतून काढता येतो.

नंतर घसा बधिर असतो, त्यामुळे साधारण २ तास पाण्याचा घोटही देऊ नका. संध्याकाळी थोडा ताप, थुंकीत रक्ताची रेघ येऊ शकते. रक्त वाढलं, छातीत कळ आली किंवा धाप लागली तर त्याच पावली परत न्या. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते.

लायपोसोमल अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध सुरू झालं की पोटॅशियम आणि क्रिएटिनिनचे आकडे विचारत राहा. ते सलाइनमधून नाही, डेक्स्ट्रोजमधून, म्हणजे साखरेच्या पाण्यातून चढवतात, तेव्हा साखरेची वही उशाशीच असू द्या.