डबलस्पेस बसवताय? या चुका टाळा

जुन्या ३८६ कॉम्प्युटरवर एमएस-डॉस ६ चढवला की पहिला मोह त्यातल्या डबलस्पेसचा, म्हणजे डेटा दाबून (कॉम्प्रेस करून) डिस्कवर जास्त मावेल असं करणाऱ्या प्रोग्रॅमचा. ४० एमबीच्या डिस्कवर ८० एमबी! लोक मॅन्युअल न उघडताच एंटर दाबत सुटतात.

सगळ्यात महागात पडते ती एच ड्राइव्हमधली 'साफसफाई'. डबलस्पेस तुमची अख्खी सी ड्राइव्ह डीबीएलस्पेस.००० नावाच्या एकाच लपवलेल्या फाइलमध्ये कोंबतो आणि मूळ डिस्क एच (किंवा दुसरं एखादं अक्षर) म्हणून दाखवतो. ओळखीच्या एका दुकानदाराच्या हुशार भाच्याला तिथे ही भलीमोठी फाइल दिसली. त्याने ॲट्रिब या आज्ञेने तिचं संरक्षण काढलं आणि डिलीट मारलं. मशीन पुन्हा सुरू केलं तर सी जवळजवळ रिकामी! इथे थांबला असता तर पुसलेल्या फाइली परत आणणाऱ्या अनडिलीटने काहीतरी हाती लागलं असतं. पण जागा झाली म्हणून पठ्ठ्याने त्यावर गेम्स भरले. वर्षाचा हिशेब गेला. बॅकअप? 'पुढच्या आठवड्यात घेणार होतो.' माझा शिरस्ता साधा आहे: डेटा फ्लॉपीवर उतरवून त्यातल्या दोन-चार फाइली उघडून बघितल्याशिवाय मी डबलस्पेसला हात लावत नाही. फ्लॉप्या बदलायचा कंटाळा असेल तर कॉम्प्रेशनच्या वाटेला जाऊ नका.

फाइलींची यादी देणारा डिर जी मोकळी जागा दाखवतो तो निव्वळ अंदाज असतो, २:१ धरून काढलेला. पत्रं, डेटाबेस छान दबतात. झिप आणि जेपीजी आधीच दाबलेल्या असतात, त्यांतून आणखी काय निघणार? '२० एमबी शिल्लक दाखवतोय, मग १५ एमबीची झिप का बसत नाही' हे मला तरी विचारू नका.

विंडोज ३.१ची कायमस्वरूपी स्वॅप फाइल (मेमरी कमी पडली की डेटा तात्पुरता ठेवायची जागा) दाबलेल्या ड्राइव्हवर चालत नाही; एचवर तेवढी जागा आधीच राखा.

डॉस ६.० मध्ये डिस्कचं काम मेमरीत साठवून वेग वाढवणारा स्मार्टड्राइव्ह प्रॉम्प्ट आधी दाखवतो, लिहिणं मागाहून उरकतो. म्हणून बटण बंद करण्यापूर्वी स्मार्टडीआरव्ही /सी ही आज्ञा द्या, म्हणजे उरलेलं लिखाण डिस्कवर उतरतं. दाबलेल्या डिस्कवर अर्धवट लिखाण फार नडतं. त्यापेक्षा १९९४ चा ६.२२ घ्या: त्यात डबलस्पेसच्या जागी आलेला ड्राइव्हस्पेस आहे आणि डिस्क तपासणारा स्कॅनडिस्कही. दाबण्याआधी स्कॅनडिस्क पूर्ण चालवा, सरफेस स्कॅनसकट. वेळ लागतो, लागू द्या.

गेम 'मेमरी कमी' म्हणाला तर कॉन्फिग.सिस या सुरुवातीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये डिव्हाइसहाय वापरून डबलस्पेसचा ड्रायव्हर वरच्या मेमरीत ढकला. डॉसच्या मूळ ६४० केबी मेमरीतले चाळीसेक केबी तोच खाऊन बसलेला असतो.