फेरोसिमेंटचे छत: या चुका टाळा

फेरोसिमेंट म्हणजे लोखंडी जाळीच्या थरांत सिमेंट-वाळूचा माल ठासून केलेला पातळ थर. त्याचे छत म्हणजे जाळीवर केलेला गिलावा, या गैरसमजातूनच बहुतेक घोटाळे होतात. पंचवीस मिलिमीटर जाडीच्या पत्र्यासारख्या थराला बळ मिळते ते त्याच्या आकारातून आणि जाळीच्या प्रत्येक घरात ठासून बसलेल्या मालातून. त्यामुळे कमान, घुमट किंवा पन्हळीसाठी हे साहित्य उत्तम आहे. सपाट स्लॅबला स्वस्त पर्याय म्हणून ते वापरू नये आणि त्यावर पाण्याची टाकी तर मुळीच ठेवू नये.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पोकळ भरणी. कणकवलीजवळच्या एका घराच्या कमानी छताला दुसऱ्याच पावसाळ्यात आतून तांबूस डाग पडले, म्हणून मला बोलावले होते. हातोडीने ठोकून पाहिले, तर जागोजागी बद्द आवाज येत होता. एक तुकडा फोडला, तेव्हा आतल्या दोन जाळ्यांना माल शिवलेलाही नव्हता. गवंड्याने जाळीचे चारही थर एकदम बांधून वरून माल मारला होता आणि खालून गुळगुळीत गिलावा करून सगळे झाकले होते. "सिमेंट तर जास्तच घातलं होतं," हे त्याचे उत्तर मी आजवर किती वेळा ऐकले असेल! मी स्वतः खाली एकाला फळी दाबून धरायला लावतो, वरून हातानेच माल चेपतो आणि माल घट्ट झाला की सगळा पृष्ठभाग ठोकून पाहतो. दिवसभरात दोन माणसांना नीट भरता येईल तेवढाच भाग हाती घ्यावा; घाईच करायची असेल, तर सरळ पत्रे घालावेत.

माल सरसर पसरावा म्हणून त्यात पाणी वाढवणे ही दुसरी खोड. सिमेंटच्या एका गोणीला, वाळूतला ओलावा धरून, वीस लिटरांपुढे मी जात नाही. सिमेंट-वाळूचे प्रमाण एकास दोन ठेवतो. मुठीत वळलेला गोळा टिकला, तर माल ठीक समजावा.

खाऱ्या वाळूला हात लावू नये.

एवढा पातळ थर चैत्रातल्या वाऱ्यात काही तासांतच सुकतो, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ पाणी मारून भागत नाही. ओली गोणपाटे चौदा दिवस अंथरलेली हवीत.

हे छत थंड राहते, असे घरमालकाला सांगणेही चूकच. सोलापूरच्या उन्हात ते चांगलेच तापते, म्हणून वरून चुन्याचा पांढरा हात किंवा चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी यांचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.