जोडी लावण्याआधी: घरी साप आणि गेकोंच्या पैदाशीची तयारी

तयारीची सुरुवात शेवटाकडून करा. कॉर्न स्नेकची मादी एका खेपेला 10-15 अंडी सहज घालते, कधी 20 च्याही वर. लेपर्ड गेको (पालीचा एक प्रकार) एका वेळी दोनच घालते, पण एका हंगामात तिच्या अनेक खेपा होतात. जितकी पिल्लं, तितके वेगळे डबे, तितकीच पाण्याची भांडी आणि सापाच्या पिल्लांसाठी दर पाच-सात दिवसांनी तितकेच नवजात उंदीर. कॉर्न स्नेक 15-20 वर्षं जगतो. तेव्हा पिल्लं कोण घेणार ते आधी नावानिशी कागदावर लिहा. नावं कमी पडत असतील, तर यंदा नराला मादीजवळ सोडूच नका. यादीतलं बाकी सगळं या कागदानंतरचं.

मग कायदा. प्राणी पाळायला परवानगी आहे म्हणून त्याची पैदास करायला किंवा पिल्लं दुसऱ्याला द्यायलाही असेल असं नाही. नोंदणी आणि परवाने वेगळे तपासा. बॉल पायथन (छोटा आफ्रिकी अजगर) हा साइटिस, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या, कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने त्याला देशाबाहेर न्यायला-आणायला कागद लागतात. रानातून धरलेला प्राणी जोडीत घेऊ नका, कितीही सुदृढ दिसला तरी.

जोडी निवडताना रंगाआधी वंश बघा. स्पायडर मॉर्फच्या, म्हणजे त्या नावाच्या खास रंग-नक्षीच्या, बॉल पायथनमध्ये डोकं डुलण्याचा आणि तोल जाण्याचा विकार त्या रंगाच्या जनुकाबरोबरच येतो. अशा जोड्या लावूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. नर-मादीची खात्री जाणत्या हाताकडून करून घ्या. सळई घालून तपासणं शिकाऊ हाताने केलं तर शेपटीच्या मुळाशी इजा होते.

मादीचं वजन काट्यावर करा, नजरेने नाही. कॉर्न स्नेकच्या मादीसाठी किमान तीन वर्षं वय आणि 300 ग्रॅम वजन ही पाळणाऱ्यांमध्ये रुळलेली मर्यादा आहे. लेपर्ड गेकोची मादी 45-50 ग्रॅमची तरी असावी आणि तिला कॅल्शियम आधीपासून सुरू असावं, कारण अंड्यांची कवचं तिच्याच हाडांतून बनायला लागली की ती खचते. अशक्त मादीत अंडं अडकण्याचा धोका मोठा. म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर आत्ताच शोधून ठेवा. नवा प्राणी तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवा, माइट्स (अंगावरचे बारीक रक्तपिपासू किडे) बघा, विष्ठा तपासून घ्या. क्रिप्टोस्पोरिडियम या आतड्यातल्या परजीवीवर खात्रीचा इलाज नाही आणि एका आजारी गेकोपासून तो सगळीकडे पसरतो.

कॉर्न स्नेकला हिवाळ्याचा गारवा द्यायचा असेल, तर आधी दोन आठवडे उपाशी ठेवून पोट रिकामं होऊ द्या. थंडीत पचन थांबतं, पोटातलं भक्ष्य कुजतं आणि साप दगावू शकतो. पाणी मात्र कायम हवं.

खरा वेळ अंडी उबवण्याच्या पेटीला द्या. अंडी येण्याआधी आठवडाभर ती रिकामी चालवून बघा. थर्मोस्टॅटचा सेन्सर जिथे अंडी राहणार त्याच उंचीवर लावा आणि शेजारी दुसरा, वेगळा थर्मामीटर ठेवा; एकाच यंत्रावर विसंबू नका. कॉर्न स्नेकला 27-28 अंश सेल्सिअसला साधारण 60 दिवस लागतात. गेकोत तापमान लिंगही ठरवतं: 26 अंशांच्या आसपास बहुतेक माद्या, 32-33 ला बहुतेक नर. व्हर्मिक्युलाइट (अंड्यांखाली घालायचं, ओल धरणारं हलकं खनिज) मुठीत दाबलं तर ओलं लागावं, पण पाणी गळू नये. वीज जाते तिथे पेटीत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा, त्या ऊब धरून ठेवतात. थोडा वेळ गारवा अंडी सोसतात, जास्त उष्णता नाही.

कॉर्न स्नेकच्या मादीने गाभणपणी कात टाकली की तारीख लिहा. साधारण आठ-दहा दिवसांत ती अंडी घालते. त्याआधीच ओलसर शेवाळ भरलेला, आत शिरायला भोक असलेला डबा तिच्याजवळ असावा. अंडी उचलताना वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा आणि तीच बाजू शेवटपर्यंत वर ठेवा. आतला गर्भ लवकरच वरच्या बाजूला चिकटतो, अंडं फिरलं तर गुदमरतो. एकमेकांना चिकटलेली अंडी सोडवू नका.

कवचाला चीर पडल्यावर सापाचं पिल्लू तसंच एक-दोन दिवस आत बसतं, राहिलेला बलक शोषून घेतं. ओढून काढायचा मोह होतो. हात लावू नका. पहिली कात साधारण आठवडा-दहा दिवसांत पडते, पहिलं खाणं त्यानंतर. डब्यांची झाकणं आधीच तपासा, पिल्लाचं डोकं मावेल इतकी फट त्याला पुरते. साफसफाईचं पाणी स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये ओतू नका आणि दर वेळी साबणाने हात धुवा, कारण निरोगी सरड्या-सापांच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना यापासून लांबच ठेवा. निदान तीन-चार वेळा आपणहून खाल्लेलं पिल्लूच दुसऱ्या घरी द्या, आणि त्याच्यासोबत जन्मतारीख, आई-बाप, वजन आणि खाल्ल्याच्या तारखांची चिठ्ठी.