ब्रिगिडचा क्रॉस, सलगमाचा कंदील : आयरिश सण वर्गात करताना

आयरिश सण म्हटलं की बऱ्याच वर्गांत हिरव्या कागदाच्या टोप्या आणि सोनेरी नाण्यांचं मडकं एवढ्यावर काम भागवलं जातं. मला ते पटत नाही. मी आयर्लंडच्या किल्डेअर परगण्यात शाळा सुटल्यानंतरच्या वर्गात सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना घेते; आयरिश, पोलिश, मल्याळी, मराठी, सगळ्या घरांतली मुलं असतात. सण त्याच्या वेळेला, त्याच्याच सामानानं करावा आणि त्यामागची गोष्ट हात चालू असताना सांगावी, असं माझं पक्कं मत आहे. मुलांच्या लक्षात तेच राहतं.

१ फेब्रुवारीपासून सुरुवात करा. तो सेंट ब्रिगिडचा दिवस, इथल्या वसंताचा पहिला दिवस. २०२३ पासून त्यासाठी सार्वजनिक सुट्टीही मिळते. आदल्या संध्याकाळी लव्हाळ्यांचा क्रॉस विणून दारावर टांगायची रीत आहे, घराला आगीपासून राखण म्हणून. त्यासाठी पाणथळ कुरणात उगवणारे गोल, बिनपानाचे लव्हाळे लागतात. शेतकऱ्याला विचारून आणा. रीतीप्रमाणे ते सुरीनं कापत नाहीत, हातानं उपटतात, आणि मुलांना हाच भाग सगळ्यात आवडतो. हातभर लांबीचे, फार जाड नसलेले निवडा. एका क्रॉसला पंधरा-वीस पुरतात. त्याच दिवशी वापरा, नाहीतर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा; वाळले की दुमडताना मोडतात.

आता वीण. एक काडी उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून पहिलीच्या मध्यावर अशी अडकवा, की तिची दोन्ही मोकळी टोकं उजवीकडे जातील. जोड अंगठा आणि तर्जनीत घट्ट दाबा. मग सगळी वीण घड्याळाच्या उलट दिशेनं पाव फेरी फिरवा, म्हणजे उजवीकडची टोकं वर येतील. तिसरी काडी दुमडून वर आलेल्या सगळ्या काड्यांवरून अडकवा. टोकं पुन्हा उजवीकडे. पुन्हा पाव फेरी. दुमड, अडकव, दाब, फिरव. मुलं थोड्याच वेळात हे चार शब्द तालात म्हणायला लागतात. वेणीचा पेड खेचतो तशी प्रत्येक नवी काडी आधीच्या काडीला अगदी चिकटून खेचायची, तरच मधला चौकोन नीट उठतो. चारही हात पुरेसे भरले की टोकांना रबरबँड लावा, त्यावर लोकर बांधा आणि कात्रीनं सारखं करा.

गाडी अडते ती तिसऱ्या-चौथ्या काडीला. फिरवताना अंगठा सैल पडतो आणि सगळं उलगडतं. म्हणून मी मुलांना जोडीनं बसवते: एकानं मध्य धरायचा, दुसऱ्यानं काड्या द्यायच्या, मग अदलाबदल. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, कुठेही दोन मिनिटं टिकत नाही. तो अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत तो जोड दाबून बसला होता आणि जोडीदाराला दटावत होता, ‘हळू, हळू, माझं सुटेल.’ अगदी लहानांना पाइप क्लीनर, म्हणजे लव लावलेल्या मऊ तारा, द्या. वीण तीच, फक्त तार सुटत नाही.

पाच-सहा काड्या झाल्या की गोष्ट सुरू करा. एक सरदार मरणाला टेकला होता, ब्रिगिड त्याच्या उशाशी बसली होती. जमिनीवर लव्हाळे अंथरलेले होते. त्यातलेच उचलून ती क्रॉस विणत राहिली आणि विणता विणता त्याचा अर्थ त्याला सांगत राहिली. मुलांच्या हातातही तेव्हा तेच लव्हाळे असतात, त्यामुळे वेगळं चित्र दाखवावं लागत नाही. काही पालक विचारतात, हे धर्माचं शिक्षण आहे का? आधीच चिठ्ठी पाठवून कळवावं की ब्रिगिड ही किल्डेअरची संत, आणि त्याच नावाची ख्रिस्ती धर्माच्या आधीची देवीही आयरिश पुराणांत आहे. दोन्ही सांगितलं की शंका राहत नाही.

तिची दुसरी गोष्ट मैदानात घ्या. ब्रिगिडनं लेन्स्टरच्या राजाकडे मठासाठी जमीन मागितली. तो देईना. ‘माझ्या अंगावरची शाल झाकेल एवढी तरी दे,’ म्हणाली. राजा हसून हो म्हणाला. चार मुलींनी चार टोकं धरून चार दिशांना धाव घेतली आणि शाल मैलोन्‌मैल पसरत गेली. किल्डेअरजवळचं ‘द करा’ नावाचं मोठं माळरान ते हेच, असं लोक सांगतात. एक जुनी चादर घ्या आणि चौघांना चार कोपरे द्या. बाकीच्यांनी राजा व्हायचं. चादर ताणली गेली की थांबवून विचारा, आता तुमच्या शालीखाली काय काय आलं? उत्तरं लिहून घ्या. भिंतीवर लावायला ती कुठल्याही चित्रापेक्षा चांगली. याच शालीच्या आठवणीनं ३१ जानेवारीच्या रात्री प्रत्येकानं घरी सुती कापडाची एक पट्टी झुडपावर टाकायची आणि सकाळी उचलायची. डोकेदुखीवर ती पट्टी बांधायची इथली जुनी समजूत आहे.

१७ मार्चच्या सेंट पॅट्रिक दिनाला फार वेळ देऊ नका, तो बाहेर मिरवणुकीत भरपूर मिळतो. लेप्रेकॉन मात्र नीट सांगा: लोककथांत तो एकटा राहणारा बुटका चांभार आहे. फेल्टच्या तुकड्यातून त्याच्या मापाचा, अंगठ्याएवढा जोडा शिवायला द्या. मोठ्या मुलांच्या हाताला चांगलं वळण लागतं.

मे महिन्यात काटेरी हॉथॉर्नच्या फांदीला रंगवलेली अंड्यांची टरफलं आणि चिंध्या बांधून ‘मे बुश’ सजवतात. टरफलं ईस्टरपासून जमवा. प्लॅस्टिकच्या फिती नकोत. त्या कुजत नाहीत, सुती किंवा लोकरीच्याच घ्या. माळावर एकटं उभं असलेलं हॉथॉर्नचं झाड परी-लोकांचं मानतात, ते तोडत नाहीत. क्लेअर परगण्यात लाटूनजवळ रस्त्याच्या आड असंच एक झाड येत होतं. १९९९ मध्ये कथाकार एडी लेनिहन यांनी ते वाचवण्यासाठी आवाज उठवला आणि ते झाड राखून रस्ता झाला. वर्गात अर्धी मुलं रस्त्याच्या बाजूची, अर्धी झाडाच्या बाजूची करून वाद घालायला लावा. मुलं फार मनापासून भांडतात.

हॅलोवीनला भोपळा नको, सलगम घ्या. इथला मूळ कंदील मोठ्या सलगमाचा. मेयो परगण्यात टर्लो पार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात डोनेगलमधल्या फिनटाउनच्या अशा कंदिलाचा साचा आहे. तो चेहरा मुलांना आधी फोटोत दाखवा, खरोखर भीती वाटते. सलगम दगडासारखा कठीण असतो, म्हणून वरची चकती मोठ्यांनी कापायची आणि गराला सुरीनं आडव्या-उभ्या चिरा द्यायच्या. मग मुलं चमच्यानं खरवडू शकतात. दोन बैठकी धरून चाला. आत बॅटरीचा दिवा ठेवा. बार्मब्रॅक या मनुक्यांच्या पावात अंगठी, नाणं, चिंधी, वाटाणा घालून भविष्य बघायची पद्धत आहे. वर्गात वस्तू पावात घालू नका, घशात अडकतील. कागदात गुंडाळून बशीखाली ठेवा. चिंधी म्हणजे गरिबी, हे मी लहानांना सांगत नाही. अर्थ त्यांनाच ठरवू देते. पावात गहू आहे, ॲलर्जी आधी विचारा.

रेन हा एक चिमुकला पक्षी. २६ डिसेंबरच्या रेन-दिवशी शाळा बंद असते, म्हणून नाताळच्या सुट्टीआधी घ्या. गोष्ट अशी: सगळ्यात उंच उडेल तो पक्ष्यांचा राजा. गरुड दमेपर्यंत वर गेला, आणि त्याच्या पिसांत लपलेली चिमुकली रेन बाहेर येऊन आणखी थोडी वर उडाली. गवताचे किंवा कागदी पट्ट्यांचे शंकूसारखे मुखवटे करून, डफासारखा बोदरान वाजवत मिरवणूक काढा. डिंगल गावात आजही निघते. पूर्वी खरा पक्षी मारत असत, आता मारत नाहीत. मोठ्या मुलांना हे सांगावं. मग वर्गात न्यायालय भरवा: रेननं फसवलं की डोकं चालवलं?

आणि वर्षभर चालणारं एक काम. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोककथा आयोगानं सुमारे ५,००० प्राथमिक शाळांतल्या सुमारे ५०,००० मुलांना घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांकडून गोष्टी, औषधं, खेळ, सणांच्या चाली लिहून आणायला लावलं. ते ‘दूखस’ या संकेतस्थळावर परगणा आणि शाळेनुसार वाचता येतं. आधी आपल्याच भागातल्या शाळेचं एक पान मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा. मग प्रत्येकाला एक वही आणि दर महिन्याला एकच प्रश्न द्या: तुमच्या लहानपणी आगीपासून घर राखायला काय करत? थंडीत काय खात? मराठी मुलं व्हिडिओ कॉलवर आजीला विचारतात. तिच्या बोलीतलं वाक्य तसंच्या तसं देवनागरीत लिहायला लावा, खाली इंग्रजीत अर्थ. सांगणाऱ्याचं वय, गाव आणि तारीख प्रत्येक पानावर हवी. छापण्याआधी सांगणाऱ्याची परवानगी घ्या, आणि वर्षअखेरीला पानांच्या प्रती आजी-आजोबांना पाठवा.